जुना गॅस गिझर : बिघाड कसा ओळखावा, हात कुठे आवरावा

अर्धापूर, नांदेड, लातूर या पट्ट्यात भिंतीवरचा गॅस गिझर दिवाळीनंतर कामाला लागतो आणि होळीच्या सुमारास बंद होतो. मधले सात-आठ महिने तो तसाच टांगलेला असतो. त्यामुळे बहुतेक तक्रारी पहिल्या थंडीतच निघतात: गिझर पेटत नाही, पेटून विझतो, टकटक वाजतो पण ज्योत येत नाही, पाणी कोमटच येते. घरोघरच्या बंबाची जागा या यंत्राने घेतली त्यामागे विजेचा बेभरवसा हे मोठे कारण आहे. लोडशेडिंग असो वा कमी दाब, दोन सेल आणि एक सिलिंडर एवढ्यावर गिझर चालतो आणि मिनिटाला पाच-सहा लिटर गरम पाणी देतो.

जुन्या गिझरचे बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा बिघाड गैरसोय करतो, दुसऱ्या जातीचा जीव घेतो. मराठवाड्यात पहिल्या जातीचे मूळ बहुधा पाण्यात सापडते आणि दुसऱ्याचे हवेत. पेटत नसलेल्या गिझरमागे घरातले सगळे धावतात. व्यवस्थित पेटणाऱ्या पण हवा खराब करणाऱ्या गिझरकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून कोणताही बिघाड शोधण्याआधी गिझर वापरण्याजोगा आहे की नाही हे ठरवावे लागते.

तीन खुणा दिसल्या तर गिझर त्याच क्षणी बंद करावा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नये. ज्योत निळी न राहता पिवळी, लांब आणि लवलवती दिसणे ही पहिली. कव्हरच्या वरच्या झडपांवर किंवा मागच्या भिंतीवर काजळी धरणे ही दुसरी. नळ बंद केला तरी बर्नर जळत राहणे ही तिसरी. या तिसऱ्या बिघाडात चेंबरमधले, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतले, थोडेसे अडकलेले पाणी काही सेकंदांत उकळते. त्यामुळे नळी फुटू शकते, जोड निसटू शकतो. अशा वेळी गिझरच्या बटणाशी खेळत न बसता थेट सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

गॅसचा वास येत असेल तर प्रश्न गिझरपुरता उरत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि मोरीच्या खळग्यात, दाराच्या उंबऱ्याशी, सिलिंडर ठेवलेल्या कोनाड्यात साचतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्केप्टन मिसळलेले असते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगीने भडका उडू शकतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. दिवा किंवा पंखा चालू असेल तर चालू राहू द्यावा आणि बंद असेल तर बंदच, कारण बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरेशी असते. घराबाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गळती कुठे आहे हे काडी ओढून पाहण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. ती सोडायलाच हवी. सुरक्षित रीत साबणाच्या फेसाची. वाटीभर पाण्यात साबण घोळून दाट फेस करावा, रेग्युलेटरच्या तोंडापासून गिझरच्या खालच्या नटापर्यंत प्रत्येक जोडावर बोटाने किंवा जुन्या ब्रशने लावावा आणि अर्धा मिनिट नुसते बघावे. गळती बारीक असेल तर एकाच जागी छोटे बुडबुडे हळूहळू फुगताना दिसतात. तिथे नट आवळून भागले असे वाटले तरी फेस पुन्हा लावून खात्री करावी.

बिघाड नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी गिझरच्या आत काय घडते ते क्रमाने माहीत असावे लागते. गरम पाण्याचा नळ उघडला की पाणी गिझरमधून वाहू लागते. आत येण्याच्या जागी पितळी डबीत एक रबरी पडदा असतो; मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी वाहिले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा एका बाजूला सरकतो आणि त्याला लागलेली पिन पुढे ढकलली जाते. पिन गॅसची झडप उघडते आणि शेजारचा मायक्रोस्विचही मोकळा करते. मायक्रोस्विच लागला की सेलची वीज छोट्या सर्किटला मिळते. सर्किट टकटक ठिणग्या पाडते आणि सोलेनॉइड नावाची दुसरी गॅस झडप उघडते. बर्नर पेटतो. ज्योतीत बुडालेली एक बारीक सळई, म्हणजे सेन्सर, ज्योत असल्याची खबर सर्किटला देते आणि ठिणगी थांबते. ही खबर काही सेकंदांत मिळाली नाही तर सर्किट गॅस तोडते. पाणी, पडदा, पिन, स्विच, ठिणगी, गॅस, ज्योत, सेन्सर अशी ही साखळी आहे आणि ती कुठवर पोहोचली हे कानाने ओळखता येते.

नळ उघडल्यावर टकटक आवाजच आला नाही तर गॅसकडे बघण्याची गरज नाही. साखळी ठिणगीच्या आधीच तुटलेली आहे. पहिला संशय सेलवर घ्यावा. गिझरच्या तळाशी असलेल्या डबीत दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. पावसाळाभर आत राहिलेले सेल गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली धरते. नवे सेल टाकले तरी या खपलीमुळे वीज पुढे जात नाही, आणि मग गिझरच खराब झाला असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते. पॉलिश पेपरच्या तुकड्याने पट्टी आणि स्प्रिंग चकचकीत होईपर्यंत घासावी. सेल दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना घातला तर जुना नव्यालाही ओढतो. पुन्हा चार्ज होणारे सेल सव्वा व्होल्टच्या आतबाहेर असतात, त्यामुळे त्यांच्यावर काही गिझर रडतखडत चालतात. सीझन संपला की सेल काढून ठेवले तर हा सगळा त्रास टळतो.

सेल ठीक असूनही आवाज नसेल तर पाण्याचा दाब तपासावा. अर्धापुरासारख्या गावात बहुतेक घरे एकमजली किंवा दुमजली असतात आणि टाकी थेट स्लॅबवर बसवलेली असते. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक बार दाब देते. एकमजली घरात टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपासून जेमतेम आठ-नऊ फूट वर असते, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. बऱ्याच गिझरना सुरू होण्यासाठी एवढाच दाब किमान लागतो. साहजिकच टाकी भरलेली असताना पेटणारा गिझर सकाळी घरातल्या तिसऱ्या माणसाच्या पाळीला, टाकी अर्धी झाल्यावर, पेटेनासा होतो. खालच्या नळाने चालतो आणि शॉवरने चालत नाही, याचेही कारण हेच: शॉवर जितका उंच, तितकी टाकीची उंची वाया. आंघोळ चालू असताना स्वयंपाकघरातला नळ कुणी सोडला की ज्योत विझते तीही दाब वाटला गेल्यामुळे. हे गिझरचे दोष नव्हेत. टाकी लोखंडी किंवा विटांच्या चौथऱ्यावर तीन-चार फूट उचलणे, गिझरकडे येणारी नळी अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची करणे, किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे हे त्यावरचे उपाय आहेत. पंपाला मात्र वीज लागते, आणि ज्या घरात विजेच्या भरवशावर राहायचे नाही म्हणून गिझर घेतला तिथे टाकी उचलणेच शहाणपणाचे.

दाब पुरेसा असूनही पडदा हलत नसेल तर पाण्याने आणलेला गाळ आणि क्षार यांच्याकडे वळावे. मराठवाड्यातल्या गिझरच्या दुखण्याचा खरा गाभा हाच आहे. इथला खडक काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून झिरपत खोल बोअरमध्ये पोहोचलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरी रेघ धरते, अशा पाण्याची प्रत वेगळी तपासायला नको. इसापूर धरणाच्या कालव्याच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी त्यामानाने हलके लागते. उन्हाळ्यात टँकरवर आणि खोल बोअरवर आलेल्या घरांत गाळ आणि क्षार दोन्ही येतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर शहराने असे पाणी पुरेपूर अनुभवले आहे.

गाळ पहिल्यांदा अडतो तो गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत. ती साफ करणे हे घरच्या माणसाचे काम. पाण्याचा कॉक आणि रेग्युलेटर बंद करून थंड पाण्याच्या नळीचा नट सोडवावा. खाली बादली धरावी. आतली बोटाच्या पेराएवढी जाळी चिमट्याने ओढून काढावी. तिच्यावर लाल माती, शेवाळ आणि टाकीच्या आतून सुटलेले प्लॅस्टिकचे कपटे दिसतात. जुन्या टूथब्रशने घासून, लिंबूसताच्या पाण्यात तासभर बुडवून पुन्हा बसवावी. जाळी फाटली असेल तर नवी घालावी, पण जाळीशिवाय गिझर चालवू नये. मग तोच गाळ थेट पडद्याच्या डबीत जाऊन बसतो. नट आवळताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना, एवढे पाहावे.

पडद्याची डबी उघडणे हे मात्र मेकॅनिकचे काम आहे, कारण त्याच पिनेच्या दुसऱ्या टोकाला गॅसची झडप आहे. तरी काम चालू असताना शेजारी उभे राहून काय निघते ते बघावे. चार स्क्रू सुटले की पितळेची दोन झाकणे वेगळी होतात. मधला रबरी पडदा नवा असताना लवचिक असतो. सात-आठ वर्षांनी तो चामड्यासारखा कडक होतो, मध्यभागी खोलगट राहतो, आणि उजेडाकडे धरून ताणला तर कडेला सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात. भोके पडली की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि पाणी कितीही वाहिले तरी पिन हलत नाही. पिनेवर क्षाराचे पांढरे कडे धरलेले असेल तर ती पुढे जाते आणि तिथेच अडकते. नळ बंद केल्यावरही गिझर जळत राहतो तो बहुधा यामुळेच. पडदा आणि पिनेभोवतीची ओ-रिंग स्वस्त असतात. जुना पडदा धुऊन उलटा करून परत बसवला जात असेल तर तिथे नवाच घालण्याचा आग्रह धरावा. डबीखालून पाण्याचा थेंब थेंब गळत असेल तर ओ-रिंग गेलेली आहे. तिथला थेंब खाली मायक्रोस्विचवर पडतो आणि दुसरा बिघाड तयार होतो.

टकटक आवाज येतो पण ज्योत येत नाही, ही तक्रार वेगळ्या टोकाची आहे. पाणी, सेल, पडदा सगळे ठीक आहे; एकतर गॅस पोहोचत नाही किंवा ठिणगी भलतीकडे पडते. नवा सिलिंडर लावल्यावर हे हमखास होते, कारण नळीत हवा शिरलेली असते. नळ तीन-चारदा उघडबंद केल्यावर गॅस पुढे येतो. सिलिंडर संपत आला असेल आणि पहाट गार असेल तरही गॅस कमी पडतो: सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू होण्यासाठी उष्णता लागते, ती आजूबाजूच्या हवेतून मिळते, आणि उरलेला द्रव थोडा असेल तर ती पुरत नाही. शेगडीच्या एका बर्नरला तेवढा गॅस चालतो. गिझर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून ‘शेगडी चालते, मग गॅस आहेच’ हा निष्कर्ष फसवा ठरतो. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे, त्यावर उकळते पाणी ओतणे हे प्रकार धोक्याचे आहेत. सिलिंडर बदलून पाहणे एवढीच तपासणी करावी.

घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब उतरवून तो साधारण ३० मिलिबारवर आणतो आणि गिझर त्याच दाबासाठी बनवलेला असतो. ज्योत लहान वाटते म्हणून हॉटेलच्या भट्टीचा कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो धुडकावून लावावा. शेगडीच्या नळीला टी जोडून गिझरकडे लांबलचक रबरी नळी नेणे हाही तसाच घातक प्रकार. रबरी नळी दीड मीटरच्या आत असावी, ती आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी असावी, आणि पाच वर्षांनी बदलावी. नळीवर वर्ष छापलेले असते. सिलिंडर आणि गिझर यांच्यात अंतर जास्त असेल तर भिंतीला क्लॅम्प मारून तांब्याची नळी टाकून घ्यावी.

गॅस पोहोचत असूनही पेटत नसेल तर ठिणगीची सळई पाहावी लागते. तिचे टोक आणि बर्नर यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर असते. चिनी मातीच्या बुडख्याला तडा गेला असेल किंवा त्यावर ओल धरली असेल तर ठिणगी टोकाशी न पडता वाटेतच पडते. धडाक्याने पेटणारा गिझरही हेच सांगतो की ठिणगी उशिरा लागते आहे आणि तोवर गॅस साचतो आहे. हा धडाका दोन-तीन दिवस लागोपाठ ऐकू आला तर गिझर वापरत राहू नये.

पेटून काही सेकंदांत विझणारा गिझर बहुधा सेन्सरमुळे विझतो. सळईवर काजळी किंवा क्षाराची पूड बसली की ज्योतीची खबर सर्किटला मिळत नाही. बारीक पॉलिश पेपरचे दोन हात फिरवले की ती पुन्हा काम करते. सेल उतरले असतील तरी असेच होते, कारण ठिणगीला पुरणारी वीज सोलेनॉइड धरून ठेवायला पुरत नाही. बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाडच नाही. अनेक गिझरमध्ये इतक्या वेळाने आपोआप बंद होण्याची सोय केलेली असते, आणि कुणी ती काढून देतो म्हणाले तरी काढू देऊ नये. फार जुन्या, पायलट ज्योतीच्या गिझरमध्ये सेलऐवजी थर्मोकपल असते. बटण सोडल्यावर पायलट विझत असेल तर थर्मोकपलचे टोक ज्योतीत नाही किंवा ते निकामी झाले आहे.

पाणी पूर्वीसारखे तापत नाही, ही तक्रार हळूहळू वाढत जाते, म्हणून ती उशिरा लक्षात येते. आधी उन्हाळा-हिवाळ्याचे बटण आणि पाण्याचा नॉब पाहावा. पाणी जास्त सोडले तर ते कमी तापणारच. दोन्ही जागेवर असतील तर तांब्याच्या चेंबरच्या नळ्यांत आतून क्षार धरलेला आहे. कठीण पाणी तापले की त्यातला चुना बाहेर पडतो, आणि तो सर्वांत गरम जागी, म्हणजे नेमका या नळ्यांत, चिकटतो. क्षाराच्या थरातून उष्णता नीट जात नाही. गॅस तेवढाच जळतो, पाणी कोमट येते, तांबे मात्र गरजेपेक्षा जास्त तापते. उकळत्या भांड्यासारखा गुडगुड आवाज आणि नळाच्या धारेचे बारीक होत जाणे या त्याच्या खुणा. गिझर उतरवून, लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत या प्रमाणात द्रावण करून ते चेंबरमध्ये तास-दोन तास ठेवावे. आधी बुडबुडे येतात, ते थांबले की स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा करावे. संडास धुण्याचे ॲसिड यासाठी वापरतात, ते वापरू नये. ते चुना खाते तसे तांब्याला आणि जोडांच्या डागालाही लागते, आणि पुढच्या हिवाळ्यात चेंबर गळू लागतो. बोअरचे पाणी असलेल्या घरात ही सफाई दरवर्षी सीझनच्या आधी करून घ्यावी. पाणी उकळते काढून मग थंड मिसळण्याऐवजी नॉबवरच हवे तेवढे गरम ठेवले तर क्षार कमी साचतो.

बर्नरची बाजू धुळीने बिघडते. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीची बारीक धूळ आणि भुसकट घरात शिरते, मागच्या अंगणातल्या गिझरवर तर थर बसतो. कोळी बर्नरच्या नळ्यांत जाळे विणतो, कुंभारमाशी चिखलाचे घर बांधते. नळीतून गॅसबरोबर आत ओढली जाणारी हवा अडली की ज्योत पिवळी पडते, चेंबरच्या पत्र्यांत काजळी भरते, धुराला वाट राहत नाही, आणि ज्योत आणखी बिघडते. कव्हर उघडून बर्नर बाहेर काढून ब्रशने आणि हवेने साफ करणे, जेट मोकळी करणे ही कामे मेकॅनिककडून करून घ्यावीत. जेटमध्ये सुई घालून भोक मोठे करू देऊ नये; तेवढ्याने गॅस जास्त आणि हवा कमी असे कायमचे होऊन बसते.

इथून हवेचा विषय सुरू होतो आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेपाच घनमीटर असते. दार लावले, थंडी वाजते म्हणून झरोक्यात फडके कोंबले, की दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून जास्त हवेतला प्राणवायू ज्योत वापरून टाकते, आणि धूर त्याच खोलीत राहून पुन्हा बर्नरमध्ये ओढला जातो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरते.  जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची मुलगी आंघोळीला गेली असताना या वायूने दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेले जोडपे न्हाणीघरात मृत सापडले, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच होता. बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडून झटके आलेल्या अशा रुग्णांची नोंद भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. त्यातल्या कित्येकांना आधी अपस्माराचे रुग्ण समजले गेले होते.

म्हणून धुराडे नसलेला गिझर न्हाणीघरात नसावाच. तो बाहेर, मागच्या अंगणाच्या, व्हरांड्याच्या किंवा गॅलरीच्या भिंतीवर, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा उघड्या जागी हवा आणि तिथून गरम पाण्याची नळी आत यावी. नळी थोडी लांब झाल्याने पहिले अर्धा-एक लिटर पाणी गार येते, तेवढे सोसावे. भाड्याच्या घरात जागा बदलणे हातात नसेल तर गिझर चालू असताना दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला आत जावे. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. आत हवा यायला खाली वाट नसेल तर पंखा ओढणार काय, आणि वीज गेली की तो थांबतो, गिझर मात्र सेलवर जळतच राहतो. लोडशेडिंगमुळे गॅस गिझर घेतलेल्या घरात हा धोका दुप्पट आहे.

आंघोळीनंतर डोके जड होणे, मळमळ, पायांतली ताकद गेल्यासारखे वाटणे, आणि मोकळ्या हवेत आल्यावर तासाभरात बरे वाटणे, असे एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर पित्त किंवा अशक्तपणा समजून गोळी घेऊ नये. गिझर बंद करावा. कुणी आत बेशुद्ध पडल्यास आधी दार-खिडकी उघडून त्याला बाहेर काढावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. अर्धापूरहून नांदेडचे विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालय तासाभराच्या आत गाठता येते. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्तही त्याला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखेच दिसते आणि आकडा चांगला येतो. उपचार म्हणजे मास्कमधून शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण दीड तास.

जुना गिझर दुरुस्त करत राहायचे की काढून टाकायचे, हे तांब्याच्या चेंबरवरून ठरवावे. पडदा, सेन्सर, सेलची डबी, मायक्रोस्विच बदलता येतात आणि बदलून गिझर आणखी काही वर्षे चालतो. चेंबरला बारीक भोक पडून पाणी बर्नरवर ठिबकू लागले, एकदा डाग देऊनही दुसरीकडे गळले, पत्रे जळून काळे-जांभळे झाले किंवा सुटे भागच मिळेनासे झाले, तर त्यावर पैसे घालू नयेत. नवा घेताना आयएस १५५५८ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा, आपल्या टाकीच्या उंचीला चालेल असा किमान दाब विचारून घ्यावा, आणि बसवण्याची जागा दुकानात जाण्याआधी ठरवावी. जुना उतरवल्यावर भिंतीतून आलेली गॅसची नळी नुसती वळवून किंवा चिंधी बांधून ठेवू नये. तिच्या तोंडाला पितळी टोपण आवळावे, त्यानंतरच रेग्युलेटर पुन्हा सुरू करावा आणि टोपणावर साबणाचा फेस लावून पाहावा.